जर्मनी, परभणी

जिंतूर रोडला, वजनकाट्याच्या मागं
शफियोद्दीन मिस्त्रीचं शेड.
त्यात माझी एमएच बावीस,
दोन हजार चारची, टर्बोवाली,
पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग करून आणलेली.
बॉनेट वर, तोंड उघडं,
दातांच्या डॉक्टरपुढं बसल्यासारखी.

जगात जर्मनी, देशात परभणी,
असं आमच्याकडं कुणीही, कशावरनंही म्हणतं.
हिच्या बाबतीत निदान अर्धं खरंय : इंजिन तिकडचं.
ऊन इकडचं.
मे महिन्यात इंटरकूलरच्या
नावात तेवढा कूलर उरतो.

दुखणं असं, की तिसऱ्या गिअरला
तीन हजारांच्या वर काटा गेला
की कुणीतरी मागनं शर्ट धरतं.
धुराला पेट्रोलचा वास. ॲव्हरेज सात.
आणि पेट्रोलचा भाव आमच्याकडं सगळ्यांच्या वर,
का, ते विचारून आम्ही दमलो.

भाचा वैजनाथ वाळूजहून आला, लॅपटॉप घेऊन.
"मामा, हा डबा काढा. जुना मेंदू.
नवा बसवू. इंधन, ठिणगी, बूस्ट,
ज्याचा त्याचा नकाशा आपण लिहू.
दीडशे घोड्यांचे सव्वादोनशे."
पंच्याऐंशी हजार. वायरिंग वेगळं.
पण घोडे म्हटलं की माणूस आकडा नीट ऐकत नाही.
त्या रात्री मी पलंगावर पडून गिअर बदलत होतो.

मिस्त्रीनं कोटेशन वाचलं
लांबच्या नात्यातली लग्नपत्रिका वाचावी तसं,
आदरानं, आणि बाजूला ठेवलं.
"बसवा की. पण सव्वादोनशे धरायचे कुणी?
क्लच तोच. ब्रेक तेच.
टर्बोचा दांडा बोटानं हलायलाय.
आन् पैले मला सांगा, हवा कुठं जायलीय?"

मी गप्प.
मी विद्यापीठात माती तपासतो.
एकोणतीस वर्षं लोकांना सांगत आलो,
आधी नमुना आणा, मग खताचं बोलू.

पेंटचा रिकामा डबा, झाकणाला दोन नळ्या,
आत बेबी ऑइल आणि जीपचा जुना ग्लो प्लग.
मिस्त्रीच्या पोरीनं, नाझेमानं,
सायकलचा पंप मारला.
धूर आत गेला. बराच वेळ काहीच नाही.
मग मॅनिफोल्डच्या खालनं,
जिथं हात जात नाही तिथनं,
एक पांढरी रेघ,
उदबत्तीची निघावी तशी, घाई नसलेली.

बोटाएवढा पाइप. वीस उन्हाळ्यांनी बिस्किट झालेला.
एकशे चाळीस रुपये,
तोही ट्रॅक्टरच्या दुकानातला.

म्हणजे ज्याला आम्ही म्हातारा, मंद, काय काय म्हणालो
तो डबा दारात हवा मोजून घेत होता,
त्या मापानं पेट्रोल देत होता,
आणि मोजलेली हवा मधल्या मधे चोरीला जात होती.
हिशोब बरोबर होता. बातमी खोटी होती.

वैजनाथनं लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला.
"तरीपण मामा," म्हणाला,
आणि त्याचंही खोटं नव्हतं :
हा डबा उद्या मेला तर दुसरा मिळणार नाही,
भंगारातसुद्धा नाही,
आणि धडधाकट गाडी उभी राहील
कुणाच्या तरी गोठ्यात, कोंबड्यांसाठी.

झिरो फाट्यापर्यंत गेलो.
तिसरा गिअर. तीन हजार. साडेतीन.
शर्ट कुणी धरला नाही.
नुसती शिट्टी, खालनं वर चढत गेलेली,
आणि वाळत घातलेल्या हळदीचा वास
खिडकीतनं आला, तेवढ्यात मागं राहिला.
दीडशे घोडे.
ते किती असतात, हे मला आत्ता कळलं.

कोटेशन फाडलं नाही.
डॅशबोर्डच्या खणात आहे, पीयूसीच्या खाली.
पंपावर पोरानं विचारलं, "फुल्ल?"
मी काट्याकडं बघितलं,
मग बॉनेटकडं.
"पाचशेचं टाक," म्हटलं.